चांगली शाळा कार्यालयातून कळते

उन्हाळा लागला की शाळेचे वर्ग रिकामे होतात, कार्यालय मात्र भरून जाते. 1 मे रोजी ध्वजवंदन झाले, निकालपत्रे वाटली, मुले घरी गेली, की दाखले, याद्या, हिशेब आणि अर्ज यांचा हंगाम सुरू होतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, ऊन फार म्हणून शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मधल्या या दिवसांत शाळेत काय चालते, याची घरी फारशी कल्पना नसते. यावेळी आम्ही त्याच कामाविषयी लिहीत आहोत, कारण आपल्या मुलामुलींच्या पुढील आयुष्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

प्रवेशाच्या वेळी पालक आम्हाला बरेच प्रश्न विचारतात. इंग्रजी कसे आहे? संगणक आहे का? मुले कृतीतून शिकतात का? उन्हाळी शिबिर होते का? प्रयोगशील शाळेबद्दल हे प्रश्न योग्यच आहेत. पण शाळेचे रजिस्टर कोण लिहितो, शिबिरात आलेले मूल कोणाच्या हाती परत सोपवले जाते, याची नोंद कोण ठेवतो, हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या अनुभवात चांगली शाळा आधी तेथेच कळते.

प्रयोगशील शाळांचा इतिहासही हेच सांगतो. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्याच विदर्भातील वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींच्या कल्पनेवर आधारित अभ्यासक्रम तयार करण्यासाठी तिने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे दिले. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले. त्या योजनेतून सेवाग्रामची नई तालीमची शाळा उभी राहिली. तेथे मुले सूत काततच, पण किती कातले याची रोजची नोंदही स्वतः ठेवत. स्वयंपाक, सफाई, आरोग्य यांचे प्रमुख मुलेच आपापसांतून निवडत आणि प्रमुख आपल्या कामाचा अहवाल सभेत मांडत. दिल्लीत जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोळी यांच्यासारख्या शिक्षकांनी मुलांचे दुकान आणि मुलांची बँक चालवली. हिशेब चुकला तर दुकान तोट्यात जाई, म्हणून मुले गणित मनापासून शिकत. या शाळांत नोंद ठेवणे हा शिक्षणाचाच एक भाग होता.

आपल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी ताकीदही तिच्यात आहे. शाळेच्या रजिस्टरातील नोंद हीदेखील एक अमानत आहे. ती लिहिणाऱ्याकडे असते, तशीच माहिती देणाऱ्याकडेही असते.

आता हे काम करतो कोण, ते पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी एक खोली सांगितली आहे: कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापकांची खोली, तिन्ही मिळून एकच. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो, तेथे शिक्षकच लिपिक होतात. अनुदानित माध्यमिक शाळेत विद्यार्थीसंख्येनुसार लिपिक मिळतो. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानंतर तेथे शिपायाची पदे पूर्वीसारखी न भरता भत्ता देण्याची पद्धत आली. म्हणजे घंटा देणारा, खोल्या उघडणारा, माठ भरणारा आणि टपाल नेणारा माणूस अनेक ठिकाणी अपुऱ्या मोबदल्यावर राबतो. आपण कार्यालयात गेल्यावर या माणसांशी दोन शब्द आदराने बोलावे, ही आमची पहिली विनंती.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे विदर्भात वडिलांचे नाव 'शेख रहीम' असेल तर मुलाला 'शेख अयान शेख रहीम' म्हणण्याची रीत आहे. शाळेचे रजिस्टर मात्र मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने चालते, म्हणून तेथे 'अयान रहीम शेख' लिहिले जाते. आधार कार्डावर तिसराच क्रम असतो. मुलींच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. जन्म दाखल्यावर 'परवीन' असते, शाळेत ते गळते, बँकेच्या पासबुकात पुन्हा येते. कोणी फातिमा लिहितो, कोणी फातेमा. मोहम्मदचे कुठे 'मो.' होते, कुठे 'मोहम्मद' राहते. घरी हे सारे एकच मूल असते. संगणकाला ती तीन वेगळी मुले दिसतात.

याची किंमत केव्हा मोजावी लागते? आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा होते. तिच्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे. मूल मेहनत करून उत्तीर्ण होते आणि नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडून राहतो. ड्रायव्हर किंवा मिस्त्रीकाम करणाऱ्या बापाची चार दिवसांची मजुरी मग चकरांमध्ये जाते. अपार क्रमांकासाठीही आधारवरील आणि शाळेतील नाव जुळावे लागते.

जातीच्या रकान्याकडेही लक्ष द्यावे. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. तरी प्रवेशाच्या दिवशी घाईत त्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिले जाते. पुढे जातीचा दाखला काढायचा तर इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरातच सापडतो. आजोबा कोणत्या गावी, कोणत्या शाळेत शिकले, हे आज घरातील थोरांना विचारून लिहून ठेवावे. ते सांगणारे माणूस नेहमी घरात असेलच असे नाही.

जन्मतारखेचेही तसेच. आधीच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै आहे, कारण प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी अंदाजाने तीच लिहिली. आता जन्म दाखल्याचे महत्त्व वाढले आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच धरला जाणार आहे. म्हणून बाळाचे नाव जन्म दाखल्यावर घालतानाच अक्षर न अक्षर तपासावे.

चूक सापडली तर घाबरू नये, पण उशीरही करू नये. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर हे काम फार अवघड होते. म्हणून चौथी, सातवी किंवा दहावीचे वर्ष संपण्याची वाट पाहू नये. कायदा पालकांच्या बाजूनेही आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा त्याला थांबवू शकत नाही. हे दोन्ही शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेले आहे.

आता शिबिराकडे येऊ. आमचे शिबिर मे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, सकाळी 7 ते 10 असे असते. त्यानंतर भंडाऱ्याचे ऊन मुलांना बाहेर राहू देत नाही. याच दिवसांत अनेक गावांत तेंदूपत्त्याचे काम निघते. आईवडील पहाटेच रानात जातात आणि ऊन चढल्यावर परततात. मोठी मुले त्यांच्यामागे जातात, लहान घरी राहतात. अशा घरांना शिबिर म्हणजे मुलाला सुरक्षित सोपवण्याची जागा असते.

शिबिरात मुले मातीची भांडी करतात, मामा तलावाच्या पाळीवर पक्षी मोजतात, पितळेची भांडी घडताना पाहतात. पालकांना फोटोत तेवढेच दिसते. त्यामागे कार्यालयातील ताईंची एक वही असते. तिच्यात प्रत्येक मुलापुढे पालकाची सही, दोन फोन नंबर, दमा किंवा फिटचा त्रास असल्यास त्याची नोंद, आणि मुलाला घ्यायला कोण येणार त्या माणसाचे नाव लिहिलेले असते. नाव नसलेला माणूस आला, तो मामा म्हणवत असला, तरी ताई घरी फोन लावतात. कोणाला राग येतो, पण नियम बदलत नाही. तलावावर जाताना निघण्यापूर्वी, पोहोचल्यावर, परत निघताना आणि शाळेत आल्यावर अशी चार वेळा मोजणी होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, 108 आणि 1098 भिंतीवर मोठ्या अक्षरांत असतात. जलसंजीवनीची पाकिटे किती उरली, याचीही नोंद असते.

मुलींच्या बाबतीत या वहीचे मोल आणखी आहे. सातवी-आठवीच्या मुलींना पाठवताना घरी काळजी असते आणि ती रास्त आहे. "चांगलेच शिबिर आहे, पाठवा" एवढ्याने ती मिटत नाही. सोबत कोणत्या बाई आहेत, वाहन कोणाचे आहे, किती वाजता परत येणार, हे लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद घरी गेला की अम्मी तो वाचतात, दादी वाचून घेतात, आणि मुलगी येते. शिबिरात आलेली मुलगी पुढच्या वर्गातही टिकते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तिच्यासाठी घर आणि शाळा यांच्यात विश्वासाचा रस्ता आधीच झालेला असतो.

मुलांनाही या कामात वाटा द्यावा. आमच्या शिबिरात रोज दोन मुले ताईंच्या टेबलाशी बसतात. एक हजेरी घेतो, दुसरी खर्च लिहिते. पोहे किती, शेंगदाणे किती, मातीची गाडी किती रुपयांना आली, आणि पेटीत उरले किती, हे सारे शेवटच्या दिवशी ती मुले पालकांसमोर वाचून दाखवतात. सहावीचा मुलगा आपल्या अब्बांसमोर दहा रुपयांचा फरक का पडला ते सांगतो, तेव्हा त्याने बेरीज-वजाबाकीपेक्षा मोठे काही शिकलेले असते. घरी किराण्याची वही किंवा लग्नातील आहेराची यादी मुलांच्या हाती दिली, तर हाच धडा घरी मिळेल.

तर या सुट्टीत एक सकाळ काढावी. जन्म दाखला, आधार, पासबुक आणि रेशन कार्ड सोबत घेऊन शाळेत जावे. रजिस्टरातील आपल्या मुलाची ओळ दाखवा, अशी विनंती करावी. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात, हे पाच रकाने कागदांशी ताडून पाहावेत. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मुलाला बरोबर नेले तर अधिक चांगले. आपले नाव कोठे आणि कसे लिहिले आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.