मृगाआधी स्टेशनवर या

आमच्या स्टेशनच्या दोन नंबर फलाटावर, जिन्याखाली, सव्वीस कुंड्या आहेत. दीड वर्षापूर्वी एका रविवारी आम्ही पंचेचाळीस जणांनी त्या मांडल्या, जिन्याची भिंत घासून रंगवली, तिच्यावर वारली नक्षी काढली, फोटो काढले आणि वडापाव खाऊन घरी गेलो. आज त्या सव्वीसपैकी नऊ कुंड्या हिरव्या आहेत. बाकीच्यांत वाळकी काटकं आणि गुटख्याच्या पुड्या. भिंतीवरचा तारपा वाजवणारा माणूस पिचकाऱ्यांनी कमरेपर्यंत लाल झालाय.

त्या नऊ कुंड्या आमच्यामुळे जगलेल्या नाहीत. पहाटेच्या लोकलने भाजीची पाटी घेऊन कल्याणला जाणाऱ्या एक मावशी आहेत. भाजीवर शिंपडायला आणलेलं पाणी बाटलीत उरलं की गाडी यायच्या आत त्या ते कुंड्यांमध्ये ओततात. जिन्याच्या जवळच्या नऊ कुंड्यांपर्यंतच ते पुरतं. त्या रविवारी आम्ही त्यांना बोलावलंही नव्हतं.

म्हणून हे आवाहन. मला रंगाचे डबे नकोत, टी-शर्ट नकोत, उद्घाटनाला पाहुणे नकोत. तुम्ही ज्या स्टेशनवरून रोज गाडी पकडता त्या स्टेशनसाठी आठवड्यातला एक तास हवा आहे, आणि तो वर्षभर हवा आहे. आणि सुरुवात आत्ता, याच मे महिन्यात व्हायला हवी.

आत्ताच का, तेही सांगते. 7 जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी खड्डे खणून उन्हात तापले पाहिजेत, कुंड्यांची माती उकरून शेणखत मिसळलं गेलं पाहिजे, फलाटावरच्या पत्र्याखालची पन्हळं आणि स्टेशनबाहेरच्या आवारातली गटारं प्लॅस्टिकमुक्त झाली पाहिजेत. पहिला जोराचा पाऊस आला की ही कामं संपली. मग चार महिने आपण फक्त साचलेल्या पाण्यातून उड्या मारत गाडी पकडणार. रंगकामाचं नेमकं उलटं आहे. पावसाच्या तोंडावर भिंत रंगवू नका. ओल धरलेली भिंत रंग सोडते, दिवाळीपर्यंत पापुद्रे लोंबायला लागतात. रंग दसऱ्यानंतर, भिंत खडखडीत वाळल्यावर. आधी झाडं, मग भिंती.

दसऱ्यावरून आठवलं. आपल्या लोकलमध्ये दसऱ्याला डब्याची पूजा होते. आदल्या दिवसापासून ग्रुपमध्ये वर्गणी निघते. झेंडूची तोरणं, आंब्याची पानं, दारात रांगोळी, मोटरमनला पेढे. ज्या डब्यात वर्षभर चौथ्या सीटवरून भांडणं होतात, तो डबा त्या दिवशी देवघरासारखा दिसतो. मला हा प्रकार फार आवडतो, कारण आपलं त्या गाडीवर प्रेम आहे हे त्यातून दिसतं. पण ती गाडी संध्याकाळी कारशेडला जाते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मार्गावर धावते. स्टेशन कुठेही जात नाही. ऊन असो, पाऊस असो, ते आपली वाट बघत तिथंच असतं. डब्याला जे आपण एक दिवस देतो, त्यातलं थोडंसं स्टेशनला बावन्न आठवडे मिळालं तर केवढा फरक पडेल!

काही जण विचारतील, हे रेल्वेचं काम आहे, आम्ही पास काढतो, मग आम्ही का करायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. फलाट झाडणं, संडास धुणं, रुळांमधला कचरा उचलणं ही पगारी कामं आहेत. ती करणाऱ्या माणसांना वेळेवर आणि पुरता पगार मिळायला हवा. त्यांचा झाडू आपण हातात घेतला तर उद्या कुणीतरी म्हणेल, माणसं कमी केली तरी चालतंय की. असं होता कामा नये. नळ बंद असेल, दिवा गेला असेल, संडासाला कुलूप असेल, तर तक्रार करा. 139 हा क्रमांक त्यासाठीच आहे. तक्रार करणं हासुद्धा स्वयंसेवाच आहे, आणि ती नेटाने करणारी माणसं कमी आहेत.

पण काही गोष्टी कुणाच्याच कामाच्या यादीत नसतात. जिन्याखालचा अंधारा कोपरा. तहानलेली कुंडी. फलाटाच्या टोकाची बाकं, जिथे रात्री एकटी बाई बसायला घाबरते. पहिल्यांदाच मुंबईला निघालेली, हातात टाटा हॉस्पिटलची फाइल धरून इंडिकेटरकडे बघत उभी असलेली म्हातारी जोडी. स्टेशन उजळायचं म्हणजे एवढं सगळं आलं.

हे होतं, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. बल्लारशाह आणि चंद्रपूरला एकदा जाऊन या. ताडोब्याचे वाघ, गोंड शैलीतली चित्रं. भिंतींवर तिथलं जंगल उतरलंय. 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत या दोघांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत बिहारचं मधुबनी होतं. तिथे 2017 च्या गांधी जयंतीपासून कलाकारांनी मानधन न घेता सात हजार चौरस फुटांहून जास्त भिंत मधुबनी चित्रांनी भरून काढली. घराच्या भिंतीवर जी कला आजीकडून शिकली, तीच स्टेशनच्या भिंतीवर. आपल्याकडे 2016 च्या ऑक्टोबरात ‘हमारा स्टेशन हमारी शान’ या मोहिमेत मुंबईतली 36 उपनगरी स्थानकं स्वयंसेवकांनी रंगवली. कॉलेजची मुलंमुली पुलांवर ब्रश घेऊन बसली होती; ते दृश्य पाहिलेलं कुणी विसरणार नाही. त्यातल्या ज्या भिंती मी पुढे बघत राहिले त्यांच्यावर काही वर्षांत जाहिरातींचे कागद आणि पिचकाऱ्या आल्या. दोष रंगवणाऱ्यांचा नव्हता. त्यांनी आपलं काम चोख केलं. नंतर बघणारं कुणी नव्हतं, ती जागा आपली होती.

भायखळ्याचं उदाहरण याहून वेगळं आणि मला सगळ्यात जवळचं. तिथली दगडी इमारत 1857 सालची. तिच्यावर वर्षानुवर्षं थरावर थर चढलेला रंग काढून, दगड आणि लाकूड मूळ रूपात आणून, तिचं जतन झालं. त्यासाठी नागरिकांनी पुढाकार घेतला, पैसा उभा केला. 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत तिचा गौरव झाला. म्हणजे उजळणं याचा अर्थ दर वेळी रंग फासणं नव्हे. तुमच्या स्टेशनची जुनी इमारत काळ्या दगडाची असेल तर कृपा करून तिला ऑइलपेंट लावू नका. दगडाला श्वास घेऊ द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सात जण जमवा. सात पुरतात: प्रत्येकाचा एक वार, त्या वारी गाडीच्या आधी दहा मिनिटं लवकर यायचं, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून एक तास. तुमचा डब्यातला ग्रुप, भजनी मंडळ, सोसायटीतली निवृत्त मंडळी, शेजारच्या शाळेची नववीची मुलं, गणेशोत्सव मंडळ, यांतून सात नक्की निघतील. मग स्टेशनमास्तरांना भेटा. त्यांची ड्यूटी आणि गाड्यांची वेळ बघून भेटा, गर्दीच्या वेळी नको. काय करायचं आहे ते लेखी द्या. परवानगी बहुधा त्यांच्या वरच्या विभागीय कार्यालयातून येते, म्हणून अर्जाची पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनाही आधी सांगून ठेवा.

दोन गोष्टींवर मी हट्टी आहे. रुळांवर उतरायचं नाही. पडलेली पिशवी, चप्पल, ब्रश, काहीही असो. आणि डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, म्हणून लांब बांबू, शिडी, पाण्याचा पाइप यांना फलाटाच्या कडेला मज्जाव. तारांखाली वाढणारं झाडही लावू नका, उद्या ते तोडावंच लागतं. बहावा, करंज, ताम्हण ही मोठी झाडं बाहेर रिक्षा स्टँडच्या आवारात, तीही परवानगीनेच. फलाटावर सदाफुली, कोरफड, अडुळसा, उन्हात टिकणारी बोगनवेल. पिवळ्या रंगाच्या उठावाच्या फरश्यांवर कुंडी ठेवू नका, तो अंध प्रवाशांचा रस्ता आहे.

पाण्याचं काय, हा आमच्या शहापूर तालुक्यातला जीवघेणा प्रश्न. भातसा, तानसा ही धरणं इथलीच. मुंबई त्यांचं पाणी पिते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. ज्या गावात बायका हंड्यासाठी मैलभर चालतात, तिथे शोभेच्या झाडाला नळ सोडणं मला पटत नाही. म्हणून नळाखाली सांडणारं पाणी बादलीत धरा. आणि प्रत्येक प्रवाशाने घरी पोचताना बाटलीत उरलेले चार घोट कुंडीत ओतावेत, एवढंच सांगा. शंभर जणांचे चार-चार घोट म्हणजे सगळ्या कुंड्यांची सोय.

आणि पिचकाऱ्या. रेल्वेच्या आवारात घाण केल्यास 500 रुपयांपर्यंत दंड आहे, 2012 च्या नियमांप्रमाणे. पण दंड करणं आपलं काम नाही आणि भांडण तर मुळीच नाही. मी इतक्या वर्षांत एक बघितलंय: माणूस आधीच लाल असलेल्या कोपऱ्यात थुंकतो. स्वच्छ जागी क्षणभर थबकतो. ताजा डाग साबणाच्या पाण्याने निघतो, महिन्याचा झालेला निघत नाही. म्हणूनच दर आठवड्याला तास हवा. एकदा वर्षातून येऊन घासलेल्या भिंतीला काही अर्थ नाही. कुणी थुंकताना दिसला तर जवळ जाऊन हळू आवाजात म्हणा, “काका, टोपली तिकडे आहे.” बहुतेक काका ओशाळतात. न ओशाळणाराही पुढच्या वेळी तुम्ही उभे आहात का, हे आधी बघतो.

येत्या रविवारी सकाळी सात ते आठ तुमच्या स्टेशनवर जा. पहिल्या दिवशी परवानगी नसेल, तर नुसतं फिरून बघा: कुठे सावली नाही, कुठे दिवा नाही, कुठली कुंडी वाळली आहे, वहीत लिहा आणि त्याच वहीतून स्टेशनमास्तरांना द्यायचा अर्ज तयार करा. एकटेच असाल तरी जा. मी पहाटेपासूनच दोन नंबरच्या जिन्याखाली असेन. सतरा कुंड्यांची माती उकरायची आहे, आणि मावशींची गाडी यायच्या आत त्यांचं नाव आमच्या यादीत सगळ्यात वर लिहायचं आहे.