चतुराची अळी ओळखायला हवी

ओढ्यात गाळणी फिरवली की गाळासोबत सहा पायांचा एक मळकट किडा हमखास हाती येतो. आपण 'पाणकिडा' म्हणून फेकून देतो. ती असते चतुराची किंवा टाचणीची अळी, आणि ऑस्ट्रेलियात तिच्यावरून ओढ्याच्या पाण्याची पारख करतात.

तिथे या दोघांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत. अळ्या ओळखण्यासाठी थायशिंगर आणि एंडर्सबी यांची चित्रांसह पुस्तिका न्यू साउथ वेल्सच्या पर्यावरण खात्याने २००९ साली काढली. सरकारी खात्याने हे काम अंगावर घेतले, हे मला महत्त्वाचे वाटते.

पहिली खूण सोपी. शेपटाकडे तीन पानांसारखे कल्ले दिसले आणि अंग सडपातळ असले तर टाचणी. (कल्ले तुटलेलेही असतात, घाई नको.) अंग जाडजूड, टोकाला आखूड काटे, तर चतुर. हा गुदद्वारातून पाणी ओढतो, त्यातूनच श्वास घेतो आणि तेच पाणी जोराने सोडून पुढे झेपावतो. नंतर तोंडाखालचा घडीचा जबडा पाहायचा. तो चमच्यासारखा खोलगट की सपाट, यावर कूळ ठरायला मदत होते. बारकी पिल्ले मात्र तज्ज्ञांनाही नीट सांगता येत नाहीत. पंखांच्या पिशव्या मोठ्या झालेली, शेवटच्या अवस्थेतली अळीच धरावी. नाहीतर काठच्या गवताला चिकटलेली रिकामी कात उचला, जीवही मरत नाही.

तिकडे १९९५ पासून पाणकिड्यांच्या कुळांना एक ते दहा गुण देण्याची पद्धत आहे. घाणीत तगणाऱ्याला कमी, स्वच्छ पाणीच लागणाऱ्याला जास्त. म्हणजे नुसते 'चतुर सापडला' म्हणून पाणी चांगले ठरत नाही. कोणत्या कुळातला, हे कळले पाहिजे.

आपल्याकडे फवारणीचा पंप सर्रास ओढ्यातच धुतात. पाण्याला वास आला तरच कुणी चौकशी करतो, तोवर डासांच्या अळ्या खाणारी ही पिल्ले गेलेली असतात. तिकडची पुस्तिका इथे जशीच्या तशी चालणार नाही, जाती वेगळ्या. पण भाद्रपदात थव्याने येणारा पिवळा चतुर दोन्ही देशांत आहे. कृषी खात्याने त्याच्यापासून सुरुवात करून मराठीत एक रंगीत तक्ता छापावा आणि तो पंचायतीच्या भिंतीवर लावावा. खर्च फार नाही. शाळेची पोरं गाळण्या घेऊन ओढ्यावर जायला एका पायावर तयार असतात.