गळ्यातील माळ घरी गाठवावी

कार्तिकी एकादशी आली की पंढरपुरात माळांच्या दुकानांपुढे दाटी होते. कोणी जपासाठी १०८ मण्यांची एकपदरी माळ घेतो, कोणी गळ्यात घालावयास तिपदरी. घेणाऱ्याचा भाव निर्मळच असतो. परंतु मणी विकत घ्यावेत आणि माळ मात्र घरी गाठवावी, असे माझे नम्र मत आहे.

मणी घडविणे हे कसबी हातांचे काम होय. तुळशीचे बारीक काष्ठ कापून, घासून, नेमके मध्यावर भोक पाडणे हा पंढरपूरच्या काशीकापडी समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. सुटे मणी अशा कारागिरांकडूनच घ्यावेत. त्यायोगे त्यांचा घास टिकतो, आणि तुळशीच्या नावाखाली खपणाऱ्या दुसऱ्या लाकडाच्या मण्यांपासून आपणही वाचतो.

तिपदरी माळेचा हिशेब सोपा आहे. १०८ चे तीन सारखे भाग केले तर प्रत्येक पदरास ३६ मणी येतात. परंतु सारख्या लांबीचे पदर गळ्यात एकमेकांवर चढतात. म्हणून आतल्या पदरास ३३, मधल्यास ३६ आणि बाहेरच्यास ३९ मणी घ्यावेत. बेरीज तीच राहते. सुती दोरा दुहेरी करून त्यास मेण लावावे. प्रत्येक मण्यानंतर गाठ द्यावी. ती सैल असतानाच सुईच्या टोकाने मण्यालगत सरकवून मग आवळावी. शेवटी दोन्ही बाजूंस तिन्ही दोरे एकेका मोठ्या मण्यातून काढून मागे त्यांची वेणी घालावी. अशा गाठी असल्या म्हणजे एखादा पदर तुटला तरी मणी विखरत नाहीत.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. वारकऱ्याच्या गळ्यातील माळ हा अलंकार नव्हे, ते व्रत आहे. माळ तुटल्यास ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्न न घेण्याचा निष्ठावंतांचा नेम आहे. ज्या घरात कोणालाच ओवता येत नाही, त्या घरात हा नेम दुकानाच्या दारावर अवलंबून राहतो!

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी सूत्रात ओवलेल्या मण्यांचा दृष्टांत दिला आहे. त्याचे निरूपण करताना ज्ञानेश्वर महाराजांनी मणी आणि सूत्र दोन्ही सोन्याचीच कल्पिली. ओवलेले जग आणि त्यास धारण करणारा परमात्मा यांत भेद नाही, हा त्यातील आशय. पाहणाऱ्यास मणी दिसतात, सूत्र दिसत नाही. आणि माळ तर सूत्रानेच टिकते. हे ऐकून समजते खरे, पण बोटांना कळते ते ओवतानाच.

तेव्हा गृहस्थाश्रमी मंडळींनी यंदा एवढे करावे. एकादशीस मणी आणावेत. द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशी या तीन सायंकाळी, तुळशीपुढे दिवा लागला की एकेक पदर पुरा करावा. सुईत दोरा नातवंडांनी घालावा, गाठ आजीने दाखवावी. पौर्णिमेस ती माळ देवाच्या चरणी ठेवून मग गळ्यात घालावी. पुढे कधी ती तुटलीच, तर ती ओवणारे हात घरातच असतील.