सनातनीपण मातीत नसते

निवडणुका आल्या की शहाण्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हटकून येते : "पश्चिम महाराष्ट्र पुरोगामी, मराठवाडा मुळातच सनातनी!" हे ऐकून आमचे काही बांधवही मान डोलावतात. आम्ही त्यांस विचारतो, माणसाची लायकी जन्मावरून ठरते असे भटशाही सांगत होती, ते आपण खोटे मानतो ना? मग मुलुखाची लायकी मातीवरून ठरते, हे खरे कसे मानता? पूर्वी माणसामाणसांत घातलेला वर्णभेदच हा. आता तो जिल्ह्याजिल्ह्यांत घातला, इतकेच.

मातीच तपासावयाची तर कायगाव टोक्यास गोदावरीच्या काठी उभे राहावे. अलीकडे गंगापूर तालुका, पलीकडे नेवासे. दोन्ही काठांस तीच ज्वारी-बाजरी, तीच भाषा, तीच पंढरीची वारी. परंतु 1948 पूर्वी अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांचे. इंग्रजी राज्य काही रामराज्य नव्हते. तथापि त्या नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक चालविले आणि सत्यशोधक विचार शेतकऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवला. तेथून आणखी दक्षिणेस जावे तर कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी 1902 साली नोकरीच्या निम्म्या जागा मागासलेल्यांकरिता राखल्या व 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. म्हणजे तेथे जे उगवले ते आधी कोणीतरी पेरले होते.

अलीकडच्या काठास काय होते? सरकारदरबारची भाषा उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दूतून शिकविणारे. कुणब्याचे पोर घरी मराठी बोले. शिक्षणाची वरची पायरी चढावयाची तर निराळी भाषा आडवी येई. सभा भरवावयाची तर सरकारी परवानगी पाहिजे. कित्येक गावे जहागिरदारांची. त्या जहागिऱ्या रद्द झाल्या 1949 साली. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तरीही कन्नडजवळ मकरणपूर येथे 1938 साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य बांधवांची परिषद भरलीच. तहान लागलेली होती, पाणी मात्र मिळत नव्हते.

दुसरे कारण लढ्याचे. पलीकडे बहुजनांचा पहिला झगडा सावकाराशी व पुरोहिताशी झाला. येथला मोठा लढा निजामी सत्तेविरुद्ध झाला, आणि तो न्याय्य होता. परंतु त्या धामधुमीत आपल्याच गावात कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरावे, हा प्रश्न मागे राहिला. रझाकारांचे जुलूम काही घरे विसरली नाहीत. 1948 च्या पोलीस कारवाईच्या वेळी निरपराध मुसलमानांवर जे गुदरले ते दुसरी घरे विसरली नाहीत. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. 1988 साली औरंगाबाद महापालिकेच्या निवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितली गेली, तेव्हा हे जुने निखारे राखेखाली होतेच. फुंकर घालणाऱ्यास श्रम पडले नाहीत.

आता याच शहराची दुसरी बाजू पाहा. डॉ. आंबेडकरांनी 1950 साली येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. गावकुसाबाहेरची मुले नागसेनवनात शिकली, लिहू लागली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले. सनातनी म्हणविल्या जाणाऱ्या मातीतूनच हे पीक आले! आणि याच मातीत, 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात होताच दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हावयास 14 जानेवारी 1994 उजाडला. असे का झाले? शाळा-कॉलेजे निघाली, पण कामधंदे निघाले नाहीत. नोकऱ्या चार व उमेदवार चाळीस. तेव्हा कालचा अडाणी शेतकरीपुत्र शेजारच्या दलित तरुणास भाऊ न मानता वाटेकरी मानू लागला. नुसते अक्षर शिकविले आणि पोटाची सोय केली नाही, तर मत्सरही सुशिक्षित होतो.

पलीकडच्या काठानेही फुशारकी मारू नये. ज्या नेवासे तालुक्यात 'दीनमित्र' छापला गेला, त्याच तालुक्यात सोनईस 2013 साली जातीबाहेरील प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. आजोबांनी सत्यशोधक विवाह लावला म्हणून नातू आपोआप सत्यशोधक होत नाही. दरवर्षी नांगरले नाही तर चांगल्या रानातही हरळी माजते.

राहिली मतपेटी. 2024 च्या लोकसभेस मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीस गेल्या; एकटी छत्रपती संभाजीनगरची महायुतीस. सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या बहुतेक जागा महायुतीने जिंकल्या. एवढ्यात माती बदलली काय? आरक्षण, पिकाचा भाव, हाती पडणारे पैसे यांनी मत फिरते. मन फिरावयास मात्र पिढी लागते, आणि ते काम निवडणुकीच्या सभेत होत नाही.

आम्ही शाळामास्तर. पोर मुळातच मठ्ठ आहे असे सांगणारा मास्तर आपली न शिकविण्याची सबब सांगत असतो, हे आम्ही पुरते जाणतो. मुलुख मुळातच सनातनी म्हणणारा पुढारीही तसलाच. त्यास येथे शाळा चालवावयाची नाही, वाचनालय काढावयाचे नाही, तरुणास काम द्यावयाचे नाही. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची योजना सरकारने 2023 साली पुढे आणली. वस्तीवरची शाळा मिटली तर आधी घरी बसेल ती मुलगी, आणि तीही गरिबाचीच. बांधवहो, उद्या मत मागावयास कोणी दारी आला, तर आमचा प्रांत पुरोगामी की सनातनी हे त्यास विचारू नका. आमच्या वस्तीवरची शाळा उघडी राहणार की नाही, आणि शिकलेल्या पोरास काम मिळणार की नाही, एवढे विचारा. व उत्तर मिळेपर्यंत त्यास ओसरीवरून उठू देऊ नका.