विम्याच्या पैशावर डल्ला मारणारे दलाल

शेअर बाजार म्हणजे शेटजी-भटजींचा खेळ, आपल्याला काय त्याचे, असे आपल्या वस्त्यांतून सर्रास म्हटले जाते. हा भ्रम आहे. वाळूजच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराने आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी काढली असेल, तर त्याच्या घामाचा पैसाही दलाल स्ट्रीटवर पोचलेला असतो!

दलालाचे कर्तव्य साधे आहे. ग्राहकाची ऑर्डर आधी, स्वतःचा सौदा नंतर. पण मोठी खरेदी येणार हे कळताच काही जण आधी स्वतः स्वस्तात शेअर घेतात आणि ग्राहकाच्या खरेदीने भाव चढला की विकून मोकळे होतात. याला ‘फ्रंट रनिंग’ म्हणतात. ग्राहकाला तोच शेअर महाग पडतो. कुलूप न तोडता केलेली ही चोरीच नव्हे काय? सेबीच्या २००३ च्या नियमांनी तिला बंदी आहे. ही बंदी दलाल नसलेल्यांनाही लागू होते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

एप्रिल २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून आयुर्विमा महामंडळाच्याच एका डीलरवर आणि त्याच्या साथीदारांवर प्रथमदर्शनी हाच ठपका ठेवला. सुमारे २ कोटी ४४ लाख रुपयांचा नफा गोठवला. विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीने उतरवला जावा, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये केली होती. गरिबाला आधार मिळावा, हा त्यामागचा विचार. त्याच आधाराला आतून वाळवी लागत असेल तर गप्प बसायचे?

१८७२ च्या करार कायद्याचे कलम २१६ सांगते की, मालकाला अंधारात ठेवून एजंटाने मालकाच्या धंद्यात स्वतःसाठी व्यवहार करून कमावलेला लाभ मालक मागू शकतो. इथे खरा मालक पॉलिसीधारक आहे. पण सेबीने वसूल केलेला असा नफा गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. त्यातून नुकसानभरपाई देता येते, परंतु हप्ता भरणाऱ्या कामगाराला आपले नुकसान झाले हेच ठाऊक नसते. मग तो मागणार कसा?

म्हणून सिद्ध झालेल्या प्रत्येक प्रकरणातील वसुली थेट पॉलिसीधारकांच्या खात्यावर वळती करावी, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. सम्यक आजीविका दलालालाही चुकलेली नाही.

जयभीम!