गावच्या पाणवठ्याचे दप्तर

दिवाळी उलटून हवेत गारठा येऊ लागला की ठिकठिकाणच्या निसर्गमंडळांच्या सहली सुरू होतात, आणि पहाटेच्या अंधारात दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला, किंवा २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेल्या नांदूरमध्यमेश्वरला प्रयाण करतात. रोहित पक्ष्यांचे थवे, पट्टकदंबांच्या रांगा डोळे भरून पाहाव्यात, ही ओढ स्वाभाविक आहे. तीतून काठावरच्या नावाड्यांना चार पैसे मिळतात, हेही उत्तमच. परंतु ज्या मंडळाचा सबंध हंगाम अशा दूरच्या स्थळांवर आणि दुर्मीळ पक्ष्यांच्या पाठीमागे खर्ची पडतो, त्याच्या हातून त्याचे मुख्य कर्तव्य राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते कर्तव्य म्हणजे आपल्याच गावच्या पाणवठ्यावर, नेमक्या त्याच जागी, दर महिन्यास जाऊन तेथील पक्ष्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे.

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या तीरावर कवडीपाट म्हणून असाच एक पाणवठा आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेल्या या नदीवर पांढरा फेस तरंगत असतो, काठच्या झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात, दर्प नाकाला झोंबतो. आणि तरीही थंडीत तेथे चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांनी उथळ पाणी तुडवतात आणि धोबी फेसाच्या कडेकडेने शेपटी हलवीत किडे टिपतात. समूहाने हिंडण्याचे मोल अशा ठिकाणी कळते. चिखलाशी एकरूप होऊन बसलेला वंचक नवख्या माणसाला दहा पावलांवरूनही दिसत नाही. शेजारचा जाणता सभासद हलकेच बोट दाखवतो, तोच पक्षी उडतो आणि त्या मातकट देहातून एकाएकी शुभ्र पंख उलगडतात. पांढरा दिसला की ‘बगळा’ म्हणून पुढे सरकणाऱ्यास कोणी वडीलधारे विचारतात, “अहो, त्याच्या पायाची बोटे पाहिलीत का?” मग काळ्या पायांखालची पिवळी बोटे नजरेस पडतात आणि तो लहान बगळा असल्याचा निर्णय होतो. मोजणीचे काम तर समूहावाचून विश्वासार्ह होतच नाही. उडत्या थव्याचा अंदाज तिघांनी निरनिराळा करावा, दहा-दहाचे गट कल्पून मोजावे, मागाहून आकड्यांची रुजवात घालावी, आणि मतभेद उरलाच तर तोही वहीत लिहावा.

अशा नोंदींची परंपरा आपल्या मुलखाला अपरिचित नाही. मुंबई सरकारच्या चाकरीत असलेल्या कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली, म्हणूनच त्या काळी येथे कोणती पाखरे होती हे आज आपण साधार सांगू शकतो. अमेरिकेत नाताळच्या दिवशी चढाओढीने पक्षी मारण्याची रूढी होती. तिच्याऐवजी पक्षी मोजावेत, असे फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले, अवघी २७ माणसे त्या पहिल्या गणनेस बाहेर पडली, आणि ती गणना अद्याप अखंड चालू आहे. आशियातही १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. या उद्योगांत विद्वानांइतकाच भार सामान्य हौशी लोकांनी वाहिला आहे.

तळ्यात भराव घालण्याचा किंवा नदीकाठ सुशोभित करण्याचा प्रस्ताव पुढे येतो, तेव्हा ‘येथे पूर्वी पुष्कळ पक्षी येत’ हे नागरिकांचे म्हणणे, ते कितीही सत्य असले तरी, कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून टिकत नाही. टिकतो तो तारीख, वेळ, स्थळ, आकडे आणि मोजणाऱ्यांच्या सह्या असलेला कागद. म्हणून विशेष काही दिसले नाही त्या रविवारचीही नोंद तितक्याच निष्ठेने व्हावयास हवी, कारण नेहमीचे वंचक, टिटव्या आणि पाणकोंबड्या हळूहळू घटत गेल्याची वार्ता अशा नीरस पानांतूनच पुढे कळते. दुर्मीळ पाहुण्याचे एखादे छायाचित्र ते सांगू शकत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालील नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही सिद्ध करावी, असे ठरवून दिले आहे. निसर्गमंडळांनी आपल्या मासिक नोंदींची एक प्रत या समितीच्या दप्तरी रीतसर दाखल करून पोच घ्यावी, आणि दुसरी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. येत्या जानेवारीच्या गणनेपासून हा परिपाठ सुरू करता येईल. ज्यांना पक्ष्यांची नावे ठाऊक नाहीत, त्यांनीही संकोच न करता अवश्य यावे, कारण वही लिहिण्यास आणि आकडे पडताळण्यास माणसे नेहमीच कमी पडतात.