जखम कशी भरून येते

गवत कापताना विळा लागतो, भाजी चिरताना विळीने बोट कापते. आपण त्यावर चिंधी गुंडाळतो आणि आठ-दहा दिवसांनी ती सोडून पाहतो, तो कातडी सांधलेली असते. हे काम केले कोणी? चिंधीने नव्हे, मलमानेही नव्हे. ते शरीराने केले.

रक्त वाहू लागताच तुटलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातील सूक्ष्म बिंबाणू तेथे एकमेकांस चिकटतात, त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे विणले जाते आणि रक्त गोठते. तेच पुढे वाळून खपली होते. लागलीच पांढऱ्या पेशी धावून येतात व आत शिरलेले जंतू आणि मृत भाग खाऊन टाकतात. पहिले दोन-तीन दिवस जखमेची कड लाल, उष्ण व किंचित सुजलेली दिसते, ती या साफसफाईमुळे. त्यानंतर बांधकामास आरंभ होतो. तळातून लाल, दाणेदार मांसांकुर वर येतात, कडेची कातडी मध्याकडे सरकते आणि कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंनी पोकळी भरून निघते.

परंतु कातडी मिटली म्हणजे काम संपले असे नव्हे. तीन आठवड्यांनी त्या जागेस मूळच्या बळाचा सुमारे पाचवा हिस्सा आलेला असतो. पुढे वर्षभर डागडुजी चालते, तरी चार-पंचमांशांहून अधिक बळ सहसा येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने ओझे उचलण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

या डागडुजीला सामग्री लागते. इंग्रज नौसेनानी जॉर्ज अॅन्सन यांचा ताफा 1740 साली सफरीस निघाला. ताज्या फळ-भाजीवाचून खलाशांना स्कर्व्ही रोगाने ग्रासले. त्यांत एक वृद्ध शिपाई होता. 1690 साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. पन्नास वर्षांनंतर त्या पुन्हा उघडल्या, असे सफरीच्या वृत्तांतात नमूद आहे. व्रणातील कोलॅजन सतत झिजते व नव्याने घडते, आणि ते घडण्यास 'क' जीवनसत्त्व हवे असते. ते मिळेनासे झाले, तेव्हा जुनी सांधणी सुटली.

आपल्या घरांतून मात्र आंबट खाल्ल्याने जखम चिघळते, असे सांगून जखमी माणसाचा आवळा, लिंबू बंद करतात. अंडी, मासळीही वर्ज्य ठरवतात. म्हणजे गवंडी कामावर असताना आपण चुना आणि विटा रोखून धरतो! त्यास पेरू, आवळा, लिंबू, डाळ, अंडी, मासळी अवश्य द्यावी.

दुसरी घातक चाल म्हणजे जखमेवर शेण, माती, राख किंवा तंबाखू दाबणे. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणातच वास करतात. रक्त थांबवण्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, मग वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुऊन ती झाकावी आणि धनुर्वाताच्या लशीविषयी दवाखान्यात विचारावे. जखम उघडी ठेवून वाळवावी, हाही समज बरोबर नाही. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी अधिक लवकर येते.

लाली पसरत चालली, पू आला, ताप भरला किंवा दोन आठवड्यांत जखम भरण्याचे चिन्ह दिसले नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावते व रक्तपुरवठाही कमी होतो. म्हणून त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत आणि लहानशी चीर दिसली तरी दुसऱ्याच दिवशी ती दाखवावी.

जखम भरण्याची विद्या शरीरास उपजत अवगत आहे. स्वच्छता, सकस अन्न आणि विश्रांती, एवढे तीन हातभार आपण लावावेत आणि त्याच्या कामात विघ्न आणू नये.